कोरियाला ठाऊक नसलेलं कोरियन गाजर

मॉस्को, ताश्कंद, अल्माटी, कीव्ह, रिगा. जुन्या सोव्हिएत संघातल्या कुठल्याही शहराच्या मंडईत लोणची-सॅलडं विकणाऱ्या गाळ्यावर एक नारिंगी ढीग हमखास दिसतो. काड्यांसारखी लांब आणि बारीक चिरलेली गाजरं, मीठ, व्हिनेगर, ठेचलेला लसूण, भरडलेले धणे, लाल तिखट आणि वरून ओतलेलं कडकडीत तेल. आपण कोशिंबिरीवर चुरचुरीत फोडणी घालतो ना, तोच प्रकार. याचं बाजारातलं नाव 'कोरियन गाजर'. त्यासाठी खास किसण्या मिळतात, तयार मसाल्याची पाकिटं मिळतात, आणि रशियन घरांत सणासुदीच्या टेबलावर ते असतंच.

गंमत अशी की सोलच्या माणसाला हा पदार्थ ठाऊकच नव्हता. कोरियाचं नाव लावलेला, कोरियन वंशाच्या बायकांनीच घरोघरी केलेला आणि कोरियाने कधी न चाखलेला पदार्थ. हे कसं झालं असेल, याचा माग काढू लागलं की हातात येतो १९३७ सालचा एक सरकारी ठराव आणि १२४ रेल्वेगाड्या.

सुरुवात मात्र त्याच्याही आधीची आहे. १८६० मध्ये पेकिंगच्या तहाने चीनकडून रशियाला पॅसिफिक किनाऱ्यालगतचा मोठा मुलूख मिळाला. हाच आजचा प्रिमोर्ये प्रांत, व्लादिवोस्तोक ज्याची राजधानी आहे. या तहाने नकाशावर एक नवलच घडलं: रशिया आणि कोरिया शेजारी झाले. मध्ये फक्त तुमेन नदी. अलीकडे कोरियाच्या हामग्योंग प्रांतातले कुळवाडी, जमीनदारांच्या वसुलीने आणि दुष्काळाने पिचलेले. पलीकडे मोकळी, काळी, कुणी न कसलेली जमीन. १८६० च्या दशकात पहिली कुटुंबं नदी ओलांडून गेली. १८६९ च्या दुष्काळाने ती धार रुंद केली. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला तेव्हा शेतकऱ्यांच्या पाठोपाठ बंडखोर, पत्रकार, शिक्षकही आले. व्लादिवोस्तोकमध्ये 'शिनहानचोन', म्हणजे नवं कोरियन गाव, नावाची वस्ती उभी राहिली आणि जपानविरोधी चळवळीचा तो अड्डाच झाला.

या सगळ्यांत एक होता होंग बॉम-दो. मूळचा शिकारी, त्यामुळे नेमबाजीत पक्का. १९२० मध्ये बोंगोदोंगच्या लढाईत त्याच्या तुकडीने जपानी फौजेला झोडपलं. १९२२ मध्ये तो मॉस्कोला गेला तेव्हा खुद्द लेनिनने त्याला पिस्तूल भेट दिलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

क्रांतीनंतरच्या सोव्हिएत राज्याने या कोरियन लोकांना दिलंही पुष्कळ. कोरियन भाषेतल्या शाळा, 'सोनबोंग' नावाचं वर्तमानपत्र, व्लादिवोस्तोकला कोरियन शिक्षकांसाठी महाविद्यालय, १९३२ मध्ये कोरियन नाट्यगृह. प्रत्येक लहानमोठ्या समाजाला त्याच्या भाषेत समाजवाद शिकवायचा, असं तेव्हाचं धोरण होतं. त्यासाठी कोण कुठल्या वंशाचा, याच्या नोंदी झाल्या. १९३२ पासून देशांतर्गत पासपोर्ट आले, त्यांतही वंशाचा रकाना होता. ज्या रकान्याने शाळा दिली, त्याच रकान्याने पाच वर्षांनी गाडीत कुणाला चढवायचं ते ठरवलं. सक्तीच्या स्थलांतरांचा इतिहास वाचताना मला सगळ्यात जास्त थबकवणारी गोष्ट हीच. द्वेष पुष्कळ ठिकाणी असतो, पण द्वेषाने दोन महिन्यांत पावणेदोन लाख माणसं हलत नाहीत. त्यासाठी याद्या लागतात. आणि याद्या बहुतेक वेळा कुणीतरी चांगल्या हेतूने केलेल्या असतात.

१९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला. आता सोव्हिएत सीमेला जपानी सैन्य थेट भिडलं. जुलै १९३७ मध्ये चीन-जपान युद्ध पेटलं. त्याआधीच, एप्रिलमध्ये, 'प्रावदा' या पक्षाच्या वर्तमानपत्राने अतिपूर्वेतल्या जपानी हेरांबद्दल लिहिलं होतं: हे हेर कोरियन आणि चिनी माणसांत मिसळून राहतात म्हणे. २१ ऑगस्ट १९३७ रोजी मोलोतोव्ह आणि स्टालिन यांच्या सह्यांनी ठराव निघाला, क्रमांक १४२८-३२६. सीमावर्ती जिल्ह्यांतली सगळी कोरियन वस्ती उचलून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात न्यायची. काम ताबडतोब सुरू करायचं, १ जानेवारी १९३८ पर्यंत संपवायचं. कारण: जपानी हेरगिरीला पायबंद.

ठरावाची भाषा वाचली तर ती चक्क सभ्य वाटते. घरसामान आणि गुरं नेऊ द्यावीत, मागे राहिलेल्या पिकांची भरपाई द्यावी, एवढंच काय, कुणाला सरहद्द ओलांडून परदेशी जायचं असेल तर अडवू नये! प्रत्यक्षात अनेक कुटुंबांना आवराआवर करायला जेमतेम काही दिवस मिळाले, तेही भाताच्या कापणीच्या तोंडावर. सप्टेंबरअखेर दुसरा ठराव निघाला आणि 'सीमावर्ती जिल्हे' ही अट गळून पडली. आता अतिपूर्वेतला प्रत्येक कोरियन.

आणि हे कुणाच्या बाबतीत, तर ज्यांतले कित्येक जपानमुळेच घर सोडून आले होते त्यांच्या बाबतीत. जपान्यांवर गोळ्या झाडलेल्या माणसांना जपानचे हेर म्हणून हलवण्यात आलं. तर्क एवढाच, की जपान्याच्या आणि कोरियनाच्या चेहऱ्यातला फरक रशियन शिपायाला कळणार नाही. त्यांनी काय केलं याचा विचार नव्हता, ते काय करू शकतील याची भीती होती. समाजातले शिकलेसवरलेले, पक्षातले, सैन्यातले पुढारी यांना तर गाडीतही बसवलं नाही. त्यांना अटक झाली, हजारोंच्या संख्येने. कोरियन साहित्यातला नावाजलेला लेखक चो म्योंग-हुई याला मे १९३८ मध्ये खाबारोव्स्कमध्ये गोळ्या घातल्या.

गुप्तचर खात्याचा प्रमुख येझोव्ह याने ऑक्टोबरअखेर जो हिशेब सादर केला तो असा: ३६,४४२ कुटुंबं, १,७१,७८१ माणसं, १२४ गाड्या. त्यांतली ९५,२५६ माणसं कझाकस्तानला, ७६,५२५ उझबेकिस्तानला. एखाद्या व्यापाऱ्याच्या वहीसारखा चोख हिशेब. वाटेत किती मेले, पहिल्या हिवाळ्यात किती मेले, याचा रकाना त्यात नाही.

गाड्या मालाच्या होत्या. आत फळ्या ठोकून मजले केलेले, मधोमध शेगडी. सहा हजार किलोमीटरांहून लांबचा रस्ता, जवळपास महिन्याचा. कुठे चाललोय ते बहुतेकांना ठाऊक नव्हतं. लेकरं गोवराने गेली, म्हातारे थंडीने. प्रेतं मधल्या स्थानकांवर उतरवली गेली.

कझाकस्तानात उश्तोबे नावाचं रेल्वेस्थानक आहे. तिथे पहिल्या गाड्या रिकाम्या झाल्या. गावापासून काही अंतरावर बास्तोबे टेकडी. घरं नव्हतीच, म्हणून लोकांनी टेकडीच्या उतारात खड्डे खणले, वर वेत-बोरू आणि माती टाकली आणि त्यात हिवाळा काढला. आज तिथे दगड उभा आहे: ९ ऑक्टोबर १९३७ ते १० एप्रिल १९३८ या काळात अतिपूर्वेतून आणलेले कोरियन इथे जमिनीखालच्या खोपट्यांत राहिले, असं त्यावर लिहिलंय. बाजूलाच दफनभूमी.

आता एक प्रश्न विचारायला हवा, जो सहसा विचारला जात नाही. एवढी माणसं आणून ठेवायला जागा रिकामी कशी होती?

कझाक लोक पिढ्यानपिढ्या मेंढ्या-घोडे घेऊन कुरणांमागे फिरणारे. १९३० च्या सुमारास सरकारने त्यांना एका जागी बसवायला घेतलं, गुरं सामूहिक शेतांत जमा करायला लावली, धान्य-मांसाची वसुली लादली. कळप मेले, आणि कळपांवर जगणारी माणसंही मेली. १९३० ते १९३३ च्या त्या दुष्काळात सुमारे १५ लाख माणसं गेली, त्यांत बहुसंख्य कझाक. लाखो चीनकडे आणि शेजारच्या प्रजासत्ताकांकडे पळाले. गावंच्या गावं ओस पडली. मॉस्कोतल्या नियोजनकारांच्या कागदावर कझाकस्तान म्हणजे 'मनुष्यबळाची टंचाई असलेला प्रदेश' होता, आणि ती टंचाई त्यांनीच चार वर्षांपूर्वी निर्माण केली होती. एका संकटाने रिकामी केलेली जागा दुसऱ्या संकटाने भरली. इतिहासात हे वारंवार दिसतं. रिकामी जमीन बहुधा रिकामी केलेली असते.

आणि त्या अर्धपोटी, स्वतःची माणसं पुरून बसलेल्या कझाकांनी काय केलं? उश्तोबेच्या जुन्या कुटुंबांत सांगतात, की त्यांनी रोट्या आणून दिल्या, कोवळ्या मुलांना आपल्या तंबूंत घेतलं. बास्तोबेच्या पायथ्याशी कोरियन लोकांनी कझाकांचे आभार मानणारी स्मारकं उभारली आहेत. आभाराचं स्मारक ही जगात तशी दुर्मीळच चीज.

मग वसंत आला आणि खरा चमत्कार सुरू झाला. ही माणसं भात पिकवणारी. सोबत बियाणं आणलं होतं, कुणी कपड्यांत शिवून, असं घरोघरी सांगितलं जातं. समोर होतं सिरदर्या नदीचं कोरडं, खारवट खोरं. वर्षाचा पाऊस आपल्याकडच्या एका जोरदार दिवसाएवढा. अशा ठिकाणी भात? पण भाताला पाऊस लागत नाही, पाणी लागतं. त्यांनी नदीतून चर काढले, वाफे सपाट केले, बांध घातले. वाफ्यात उभं राहिलेलं पाणी जमिनीतला खार धुऊन खाली नेतं, वरचा थर पिकाजोगा होतो. भात हे पीक खारवट जमीन सुधारायच्या कामीही येतं ते यामुळेच. फक्त पाणी खेळतं ठेवावं लागतं आणि ते उतरायला वाट लागते, नाहीतर खार पुन्हा वर येतो. किझिलोर्दा भागात किम मान-साम हा कोरियन शेतकरी भातातला उस्ताद मानला गेला. त्याच्याकडून कसब उचललेल्या इब्राय झाखाएव या कझाक शेतकऱ्याने चाळीसच्या दशकात हेक्टरी उत्पादनाचे विक्रम केले आणि 'समाजवादी श्रमवीर' हा किताब दोनदा मिळवला. भटक्या पशुपालकाचा वारस भाताचा राजा झाला!

उझबेकिस्तानात ताश्कंदजवळ चिरचिक नदीकाठी बोरूची दलदल होती. तिथे 'पोल्यार्नाया झ्वेझ्दा', म्हणजे ध्रुवतारा, नावाचं सामूहिक शेत उभं राहिलं. १९४० ते १९७४ एवढा काळ त्याचा अध्यक्ष होता किम प्येन ह्वा. भात, कापूस, ताग जातीचं केनाफ. हाही दोनदा श्रमवीर. परदेशी पाहुण्यांना दाखवायला नेण्याचं ते ठिकाण झालं. हेर म्हणून आणलेली माणसं दहा-पंधरा वर्षांत देशाचा आदर्श म्हणून मिरवली जात होती, आणि तरी १९५३ मध्ये स्टालिन मरेपर्यंत मध्य आशियाबाहेर मनाला येईल तिथे जाऊन राहायची त्यांना मुभा नव्हती. युद्धात बहुतेकांना आघाडीवर घेतलं नाही, 'श्रमसेने'त खाणी आणि लाकूडतोडीला पाठवलं. काही जण तरी आघाडीवर पोचले. कॅप्टन अलेक्सांद्र मिन याला १९४५ मध्ये मरणोत्तर 'सोव्हिएत संघाचा वीर' किताब मिळाला.

याला यशोगाथा म्हणायचा मोह होतो. कष्टाळू समाज, ओसाड जमीन, सोन्याचं पीक. मला ती यशोगाथा मान्य नाही. सिरदर्या-अमुदर्याचं पाणी कापूस आणि भातासाठी वळवायचा जो सपाटा मॉस्कोने पुढे लावला, त्यात अरल समुद्र आटला. त्याचा दोष या शेतकऱ्यांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल, पण माणसं आणि पाणी दोन्ही एकाच बेपर्वाईने हलवली गेली हे विसरून चालणार नाही.

आणि दुसरी किंमत जिभेने मोजली. १९३८ मध्ये कोरियन शाळा रशियन केल्या गेल्या. व्लादिवोस्तोकहून किझिलोर्दाला हलवलेलं शिक्षक महाविद्यालयही रशियन झालं, कोरियन पुस्तकं नष्ट करण्यात आली. 'सोनबोंग' बंद पडून त्याजागी 'लेनिन किची' निघालं, तेच पुढे 'कोर्यो इल्बो' झालं आणि आजही निघतं. नाट्यगृह मात्र टिकलं. घरात बोलली जाणारी बोली, कोर्यो-मार, हामग्योंगच्या जुन्या बोलीवर आधारलेली. कोरियातली प्रमाणभाषा बदलत गेली, ही बोली मात्र आपल्या वाटेने गेली आणि रशियन शब्द पोटात घेत गेली. नातवंडांच्या पिढीत तीही विरली. उरलं काय? नातवंडांची नावं व्हिक्टर, स्वेतलाना, आडनावं किम, पाक, त्सोय. आणि स्वयंपाक.

किमचीला लागणारी लांबट चिनी कोबी इथे मिळेना. गाजरं मात्र ढिगाने, कारण उझबेक पुलावाचा आधारच गाजर. धणेही इथल्या मंडईतले. अशी कोरियन पद्धत आणि मध्य आशियाई जिन्नस यांची गाठ पडली. हे गाजर देशभर पोचलं त्याला आणखी एक कारण आहे, 'कोबोन्जी'. कोरियन कुटुंबं टोळीने वसंतात दूरदूर जायची, कुठल्यातरी सामूहिक शेताची जमीन हंगामापुरती घ्यायची, कांदा-कलिंगडं पिकवायची, ठरलेला वाटा देऊन उरलेलं बाजारात विकायची आणि थंडी पडता घरी परतायची. खासगी शेतीला बंदी असलेल्या देशात हे उघडउघड चालायचं! या कुटुंबांबरोबर त्यांचे पदार्थही मंडयांत पोचले. साठच्या दशकापासून मुलं लेनिनग्राड, मॉस्कोच्या विद्यापीठांत गेली. सोव्हिएत रॉक संगीताचा सर्वांत लाडका गायक व्हिक्टर त्सोय हा वडिलांकडून याच समाजाचा. १९८९ च्या जनगणनेत सोव्हिएत संघात सुमारे ४,३९,००० कोरियन होते. ते स्वतःला 'कोर्यो-साराम' म्हणतात.

म्हणजे बघा, ज्या सीमेची भीती होती ती सीमा रिकामी झाली, ठरावाचा हेतू तडीस गेला. पण त्यातून जे निपजलं ते त्या ठरावात कुठेच नव्हतं: रशियन बोलणारा, कझाक शेजारात रुजलेला, आडनावाने कोरियन असलेला एक नवाच समाज, जो कोरियातही परका आहे. दक्षिण कोरियात कामाला गेलेले आजचे कोर्यो-साराम तिथे व्हिसाच्या रांगेत उभे राहतात.

होंग बॉम-दो? त्यालाही १९३७ मध्ये गाडीत चढवलं होतं. साठी उलटलेला हा सेनानी किझिलोर्दात पोचला आणि कोरियन नाट्यगृहाचा राखणदार झाला. त्याच्याच आयुष्यावरचं नाटक त्या नाट्यगृहात त्याच्या हयातीत लागलं. १९४३ मध्ये तो तिथेच वारला. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याचे अवशेष लष्करी विमानाने दक्षिण कोरियात नेले, लढाऊ विमानांनी मानवंदना दिली. दोनच वर्षांनी तिथल्या लष्करी अकादमीने त्याचा अर्धपुतळा आवारातून हलवायचं जाहीर केलं, कारण १९२७ मध्ये तो कम्युनिस्ट पक्षात गेला होता. केवढा गदारोळ झाला त्यावर!

कोरियनांचं स्थलांतर हा एक संपूर्ण समाज वंशाच्या नावाने उचलण्याचा सोव्हिएत इतिहासातला पहिला मोठा प्रयोग होता. तो 'यशस्वी' झाला, म्हणून पुन्हा पुन्हा झाला. १९४१ मध्ये व्होल्गाकाठचे जर्मन. फेब्रुवारी १९४४ मध्ये सुमारे पाच लाख चेचेन आणि इंगुश. त्याच वर्षी मे महिन्यात तीन दिवसांत क्रिमियाचे सुमारे १,९०,००० तातार. बहुतेकांची दिशा तीच, मध्य आशिया. १९५९ च्या जनगणनेत कझाकस्तानात कझाक जेमतेम ३० टक्के उरले होते.

या गाड्यांतली एक वाट आपल्या दारापर्यंत आलेली आहे. १९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड घेतला आणि पोलिश कुटुंबांची पाठवणी सुरू झाली. एप्रिल १९४० मध्ये सुमारे ६१,००० जणांना, मुख्यतः बायकामुलांना, कझाकस्तानच्या याच गवताळ पठारांवर नेऊन सोडलं. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर जुलै १९४१ मध्ये करार झाला, त्यांना सुटका मिळाली, आणि त्यांतले काही कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला, तिथून हिंदुस्थानात पोचले. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात त्यांच्यापैकी सुमारे पाच हजार जण राहिले. शाळा, चर्च, स्काउट पथकं, सगळं होतं तिथे.

कोल्हापूरला जाल तेव्हा रंकाळा आणि तांबडा-पांढरा झाल्यावर महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकस्तंभापाशी जरूर जा. मुलं बरोबर असतील तर नकाशा काढून त्यांना वळिवड्यापासून उलटं बोट फिरवू द्या: कराची, इराण, कॅस्पियन, कझाकस्तान, पोलंड. आणि कझाकस्तानावर बोट आलं की तिथून पूर्वेला व्लादिवोस्तोकपर्यंतची रेघही ओढायला सांगा.